निगेटिव्हच्या पेट्या विकण्याआधी : जुन्या फोटो स्टुडिओंच्या वारसांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या जुन्या फोटो स्टुडिओंचे मालक आणि छायाचित्रकारांचे वारस यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी किंवा दुकानाच्या पोटमाळ्यावर निगेटिव्हच्या पेट्या आहेत. आजोबांनी, वडिलांनी, क्वचित आईनेही काढलेल्या फोटोंच्या. डार्करूम केव्हाच बंद झाली, तिथे आता झेरॉक्सचे मशीन बसले. वाढलेले भाडे किंवा इमारतीचा पुनर्विकास दारात उभा आहे. मग या पेट्यांचे काय करायचे, असा प्रश्न पडतो. पुढाऱ्यांचे, नटांचे, गायकांचे फोटो असलेले डबे तुम्ही जपून बाजूला काढता, हे मी पाहिले आहे. त्यांची किंमत सगळ्यांनाच कळते. साडीच्या दुकानाची जाहिरात, गिरणीच्या कापडाचे कॅलेंडर, दागिन्यांचा कॅटलॉग, मासिकाचे मुखपृष्ठ, मॉडेल होऊ पाहणाऱ्या मुलींचे पोर्टफोलिओ हे सगळे मात्र धंद्याचे काम म्हणून आधी बाहेर जाते. हे पत्र त्या डब्यांसाठी आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून गेल्याशिवाय त्यांचा निकाल लावू नका, एवढीच माझी विनंती. तिच्यामागचे कारण सांगायला मी न्यू यॉर्कच्या एका छायाचित्रकार बाईंची हकीकत तुमच्यापुढे ठेवते.

त्यांचे नाव लिलियन बासमन. विसाव्या शतकाच्या मध्यावर फॅशनच्या फोटोला ज्यांनी वेगळे वळण दिले, त्यांत त्या होत्या. आणि मधली वीस-पंचवीस वर्षे त्यांचे नाव जवळजवळ कुणालाच आठवत नव्हते.

१५ जून १९१७ रोजी ब्रुकलिनमध्ये त्यांचा जन्म झाला. आईवडील रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू, विचारांनी फार मोकळे. पॉल हिमेल नावाचा मुलगा लिलियनला लहानपणीच कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर भेटला होता. पंधराव्या वर्षी ती त्याच्यासोबत राहू लागली आणि घरच्यांनी ते मान्य केले. १९३५ मध्ये दोघांनी लग्न केले. तो संसार २००९ मध्ये हिमेल वारेपर्यंत, सत्तरहून अधिक वर्षे टिकला. हिमेलही छायाचित्रकार होते. बॅलेच्या नर्तकांचे त्यांनी काढलेले फोटो आजही पाहण्यासारखे आहेत.

लिलियनना व्हायचे होते चित्रकार. शाळेत कापडावरच्या नक्षीकामाचे शिक्षण झाले, मंदीच्या काळात सरकारी योजनेतल्या भित्तिचित्रांवर मदतनीस म्हणून काम केले, चित्रकारांसमोर मॉडेल म्हणूनही त्या बसल्या. संग्रहालयांत त्या मनापासून रमत. एल ग्रेकोच्या चित्रांतल्या ताणलेल्या, लांबट आकृत्यांनी त्यांच्यावर गारूड केले होते. त्यांच्या फोटोंतल्या बायकांच्या लांब माना आणि लांब हात पाहिले की ते लगेच ध्यानात येते.

मग त्यांची गाठ अलेक्सी ब्रोडोविच यांच्याशी पडली. हे रशियातून आलेले गृहस्थ १९३४ पासून ‘हार्पर्स बझार’ या मासिकाचे कला दिग्दर्शक होते. मासिकाच्या पानावर फोटो कसा बसवावा, किती जागा पांढरी सोडावी, मजकूर चित्राला कसा बिलगावा, याचे आजचे व्याकरण ज्यांनी घडवले त्यांत त्यांचे नाव फार वरचे. लिलियन त्यांच्या वर्गात शिकल्या आणि त्यांच्या हाताखाली बिनपगारी काम करू लागल्या. पुढे पगाराशिवाय जमेना, म्हणून एलिझाबेथ आर्डेन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत गेल्या. ब्रोडोविच यांनी त्यांना परत बोलावले ते पगारावर. १९४५ मध्ये तरुण मुलींसाठी ‘ज्युनियर बझार’ निघाले तेव्हा मांडणीची जबाबदारी ब्रोडोविच यांच्या जोडीने त्यांच्याकडे आली. त्या तीन वर्षांत रिचर्ड अॅव्हेडन, रॉबर्ट फ्रँक, लुई फॉरर अशा त्या वेळच्या नवख्या छायाचित्रकारांना त्यांनी पाने दिली. आज ही नावे छायाचित्रणाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात असतात. त्यांना काम देणाऱ्या बाईंचे नाव मात्र त्याच अभ्यासक्रमात शोधावे लागते, आणि मला याची मनापासून खंत वाटते.

आता डार्करूमकडे येते. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुमच्यापैकी ज्यांनी वडिलांना लाल दिव्याखाली काम करताना पाहिले आहे, त्यांना यातले काहीच परके वाटणार नाही.

मासिकात मांडणी करत असताना जेवणाच्या सुट्टीत लिलियन जॉर्ज हॉयनिंगन-ह्यूने या नावाजलेल्या छायाचित्रकारांच्या डार्करूममध्ये जाऊन प्रिंट काढत बसत. कॅमेरा त्यांच्या हाती नंतर आला. १९४७ मध्ये अॅव्हेडन पॅरिसला निघाले, तेव्हा जाताना त्यांनी आपला स्टुडिओ आणि मदतनीस लिलियनच्या हवाली केला आणि त्या काळात त्या फोटो काढायला शिकल्या. म्हणजे त्यांचा प्रवास उलटा झाला. आधी कागद, मग भिंग. म्हणूनच फोटो कॅमेऱ्यात संपतो असे त्यांनी कधी मानले नाही. निगेटिव्हवरचे चित्र मोठे करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरच्या भिंगाखाली त्या पातळ कागद किंवा गॉजचे कापड धरत. त्यामुळे कडा वितळल्यासारख्या होत. हातांच्या आडोशाने कागदाच्या एका भागावर प्रकाश थांबवत, दुसऱ्यावर जास्त पडू देत. प्रिंट धुऊन झाला की फेरिसायनाइड या रसायनाचे पिवळे पाणी ब्रशने किंवा कापसाने लावून हवा तेवढाच भाग उजळत. खांद्याची रेघ राहायची, खांद्यामागचा पडदा विरून जायचा. टोपीची कड ठसठशीत, गाल धूसर. समोर बाई उभी आहे की कोळशाने काढलेले तिचे चित्र, असा क्षणभर संभ्रम पडावा असे ते प्रिंट असत.

फेरिसायनाइड आपल्याकडच्या जुन्या लोकांनाही ठाऊक होते. हायपोबरोबर, म्हणजे प्रिंट पक्का करणाऱ्या रसायनाबरोबर, मिसळून जास्त काळा झालेला प्रिंट हलका करायला ते वापरत. निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करणारे, काळ्यापांढऱ्या फोटोत साडीला हाताने रंग भरणारे कारागीर आपल्याकडे होते. त्या हातांकडे आपण कारागिरी म्हणून पाहिले आणि तिथेच थांबलो.

बासमन यांच्या कामाला १९५० ते १९६५ हा काळ सर्वांत भराचा गेला. ‘हार्पर्स बझार’साठी कपड्यांचे फोटो, आणि जाहिरातींसाठी आतल्या कपड्यांचे. या दुसऱ्या कामाविषयी थोडे सांगायला हवे. त्याआधी अशा जाहिराती बहुधा रुक्ष असत. घट्ट पट्ट्यांत आवळलेला देह ग्राहकाला दाखवायचा, एवढाच त्यांचा हेतू. बासमन यांनी त्याच वस्तूंचे फोटो असे काढले की पाहणारा वस्तू विसरून त्या बाईच्या एकांताकडे पाहू लागतो. चेहरा बहुतेक वेळा वळलेला किंवा सावलीत, मान झुकलेली, एखादा हात केसांत. ती कुणासाठी उभी नाही. कॅमेऱ्यापलीकडे एक बाई आहे, हे त्या मॉडेलना माहीत होते. शूटिंगच्या वेळी बासमन खोलीतल्या पुरुषांना बाहेर पाठवत, मॉडेलशी गप्पा मारत, तिला सैल होऊ देत. बार्बरा मलन ही त्यांची आवडती मॉडेल. कार्मेन डेल’ओरेफिचे, डोव्हिमा, सुझी पार्कर या त्या काळच्या गाजलेल्या मॉडेलही त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. पुरुषांच्या कॅमेऱ्यासमोर याच बायका वेगळ्या दिसतात. मोहात पाडण्याचे काम त्यांच्यावर सोपवलेले असते. बासमन यांच्याकडे त्यांना त्या कामातून सुटी होती.

१९४९ मध्ये संपादक कार्मेल स्नो यांनी त्यांना पॅरिसच्या फॅशन संग्रहांचे फोटो काढायला पाठवले. तिथल्या एका झिरझिरीत गाऊनचा फोटो त्यांनी असा काढला की कापडाची कडच दिसेना. स्नोबाई चिडल्या. तुम्ही इथे कला करायला आलेला नाहीत, बटणे आणि फिती दाखवायला आला आहात, या अर्थाचे त्यांनी सुनावले. छायाचित्रणाच्या इतिहासात हा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला जातो आणि दर वेळी स्नोबाईंकडे थोडे वाईट पात्र येते. मला ते पटत नाही. मासिक विकत घेणाऱ्या बाईला गळ्याची शिवण दिसायला हवी होती, कापड विकणाऱ्याला कापड. संपादक म्हणून त्यांचे म्हणणे रास्तच होते. आपल्याकडच्या साडीच्या दुकानदाराने तरी वेगळे काय सांगितले असते? पदरावरचे मोर पूर्ण दिसले पाहिजेत, काठ कॅमेऱ्याकडे पाहिजे, चेहरा जरा हसरा. ही मागणी पूर्ण करून शिवाय आपले काहीतरी त्या चौकटीत ठेवायचे, यात या धंद्याचे सगळे कसब आहे. गिऱ्हाइकाने पैसे दिले म्हणून फोटो कमअस्सल ठरत नाही. देवळातल्या मूर्तींनाही कुणीतरी पैसे दिलेच होते.

साठच्या दशकात हवा बदलली. कपडे आखूड झाले, मॉडेल कोवळ्या मुली झाल्या, मासिकांना उड्या मारणारे, ओरडणारे फोटो हवे झाले. बासमन यांचे मन उडाले. हिमेल यांनीही फोटोग्राफी सोडली आणि ते मानसोपचाराकडे वळले. १९७० च्या सुमारास लिलियन यांनी आपल्या धंद्याच्या कामाचे बरेचसे निगेटिव्ह स्वतःच नष्ट केले. उरलेले कचऱ्याच्या पिशवीत भरून घरातल्या जुन्या कोळशाच्या कोठीत टाकले. मॅनहॅटनमधला एक बग्गीखाना दुरुस्त करून त्यांनी घर केले होते, त्याच घराची ही कोठी. त्यानंतर त्या फळांचे, रस्त्यावरच्या भेगांचे, पुरुषांच्या देहांचे जवळजवळ अमूर्त वाटणारे फोटो काढत राहिल्या. फॅशनचे नाव नाही.

त्यांनी हे कुणाच्या दबावाखाली केले नाही, जागा रिकामी करायची होती म्हणूनही नाही. आपल्या हातून झालेले हे काम ठेवण्यासारखे नाही, असे खुद्द करणारीचे मत होते. अजून काय हवे? वारसाने निर्णय घ्यायचा तर याहून मोठा आधार कुठला असणार? तुमच्यापैकी कितीतरी जण मला हेच सांगतात. बाबाच म्हणायचे, यात काही राम नाही, पोटासाठी केलेली कामे आहेत ही. आणि ज्या माणसाने आयुष्यभर काम केले त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही तुमची भावना मला कळते. म्हणूनच पुढचे ऐका.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मार्टिन हॅरिसन नावाचे फॅशन छायाचित्रणाचे इतिहासकार त्यांच्या घरी उतरले होते. त्यांच्या हाती ती पिशवी लागली. आत शेकडो प्रतिमा होत्या. बासमन यांना आधी त्यात काही रस वाटला नाही. हॅरिसन यांनी आग्रह धरला, तेव्हा त्यांनी त्या उजेडासमोर धरून पाहिल्या, आणि पंचाहत्तरीच्या आसपास त्या पुन्हा डार्करूममध्ये शिरल्या. पुढची वीस वर्षे त्या त्याच निगेटिव्हमधून नवे प्रिंट काढत होत्या. १९९६ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सच्या मासिकाने त्यांना पुन्हा पॅरिसला पाठवले. २००९ मध्ये हॅम्बुर्गच्या डाइखटोरहालेन या कलादालनात त्यांच्या आणि हिमेल यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. म्हातारपणी त्या संगणकावर फोटोशॉप शिकल्या आणि ब्लीचचे, म्हणजे हवा तो भाग उजळण्याचे, काम पडद्यावर करू लागल्या. १३ फेब्रुवारी २०१२ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी त्या गेल्या. अॅव्हेडन यांनी त्यांच्या फोटोंविषयी लिहिले होते की वस्तू दिसणे आणि दिसेनासे होणे यांच्या मधली काळीज हलवणारी अदृश्य जागा ही बाई दृश्य करते. मी त्यांचे प्रिंट पुस्तकात पाहते तेव्हा मला हेच वाक्य आठवते.

एक गोष्ट खरी की नवे प्रिंट जुन्यांसारखे नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी मासिकात छापले होते तेव्हा बटणे दिसत होती. नव्वदीनंतरच्या प्रिंटमध्ये स्नोबाईंना न आवडणारे सगळे आहे. पार्श्वभूमी पुसलेली, काळा रंग अधिक काळा, देह जवळजवळ एका फटकाऱ्यात. मग यातला खरा फोटो कुठला? अभ्यासक यावर वाद घालतात आणि तो वाद चांगला आहे. माझ्यापुरते मी असे मानते की दोन्ही खरे आहेत. निगेटिव्ह राहिली म्हणून दोन्ही शक्य झाले. प्रिंट हा एका वेळचा निर्णय असतो. निगेटिव्ह असेपर्यंत तो निर्णय पुन्हा घेता येतो, आणि ती भट्टीत गेली की नाही. जे निगेटिव्ह बासमन यांनी खरोखरच नष्ट केले, त्यात काय होते हे आता कुणीच सांगू शकत नाही.

त्यांना स्वतःचे काम नष्ट करण्याचा हक्क नव्हता, असे मी म्हणत नाही. हक्क होता. माझे म्हणणे इतकेच की काम केल्यानंतर लगेचच्या वर्षांत, थकलेल्या आणि कंटाळलेल्या मनाने केलेली किंमत ही शेवटची किंमत नव्हे, हे त्यांच्याच उदाहरणाने दिसले. तुमच्या वडिलांनी सत्तर किंवा ऐंशी साली जे म्हटले, तेही त्या दिवसापुरते असू शकेल.

आपल्याकडे यायचे तर गौतम राजाध्यक्ष यांचे नाव आधी येते. त्यांचा जन्म १९५० चा, मुंबईतला. लिंटास या जाहिरात कंपनीत त्यांनी अनेक वर्षे काढली, आणि ऐंशीच्या दशकात पूर्ण वेळ छायाचित्रणात उतरले. ‘चंदेरी’ या मराठी पाक्षिकाचे ते संपादक होते. १९९७ मध्ये चित्रपटसृष्टीतल्या व्यक्तींच्या त्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक आले. २०११ च्या सप्टेंबरमध्ये, एकसष्टाव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, ते गेले. त्यांनी चेहऱ्यावर टाकलेला तो मऊ उजेड एका पिढीच्या डोळ्यांत बसला आहे. नट्यांचे चेहरे आपल्याला आज जसे आठवतात, तसे आठवण्यात त्या उजेडाचा वाटा आहे. राजाध्यक्षांचे नाव राहिले कारण त्यांच्यासमोर बसलेले लोक प्रसिद्ध होते आणि ते स्वतः लिहिणारे, बोलणारे होते. पण त्याच वर्षांत पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात, सोलापुरात साडीच्या आणि दागिन्यांच्या जाहिराती करणारे, दिवाळी अंकांना मुखपृष्ठे पुरवणारे कितीतरी जण होते. त्यांचे फोटो घराघरांत गेले. फोटोखाली नाव आले नाही, आणि आले असले तर कुणी वाचले नाही.

जुन्या निगेटिव्ह स्वच्छ करून स्कॅन करण्याचे काम मी करते. मागे एका शहरातल्या बंद पडलेल्या स्टुडिओतून मला निरोप आला. मी पोहोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त माल रद्दीवाल्याकडे गेला होता. फिल्ममधल्या चांदीसाठी तिला भाव मिळतो, हे तुम्हाला माहीत आहेच. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट तयार झाले आणि त्यातले फारच थोडे उरले, त्यामागे जी कारणे आहेत त्यांत ही चांदीही आहे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, पण तोवर बराच उशीर झाला होता. त्या स्टुडिओत जे उरले होते, त्यातल्या एका डब्यात एका कापड दुकानासाठी काढलेले फोटो निघाले. एकच मुलगी, वेगवेगळ्या साड्या. ब्लाउजच्या बाहीची लांबी, निऱ्यांची रुंदी, पदर पिन लावून घेतलेला की मोकळा, अंबाड्यावर गजरा की नुसती वेणी, पायात काय. एका शहराने कोणत्या काळी काय नेसायचे ठरवले होते, ते सगळे त्यात होते. आणि ती मुलगी दोन फोटोंच्या मधे थकून एका स्टुलावर टेकलेली, पदर मांडीवर गोळा केलेला, असाही एक फ्रेम होता. गिऱ्हाइकाला तो कधी दाखवला गेला नसणार. तो फोटो बासमन यांच्या कुठल्याही फोटोशेजारी मी निःसंकोच लावीन. तो काढणाऱ्याच्या मुलाने मला विचारले, यात काय आहे? त्याचा प्रश्न प्रामाणिक होता.

तुम्ही लगेच काय करू शकता, ते आता सांगते. पेटी उघडली की आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती अॅसिटेट या प्लास्टिकची फिल्म कुजू लागली आहे. तिच्या वाफेने शेजारची चांगली फिल्मही बिघडते, म्हणून ती वेगळी करा, हवेशीर ठेवा, आणि स्कॅन करायला पहिला नंबर तिचा लावा. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची फिल्म चिकट, तपकिरी झाली असेल तर ती नायट्रेटची असण्याची शक्यता असते. ती झटकन पेट घेते, तेव्हा उन्हापासून आणि आगीपासून लांब ठेवा आणि जाणकाराला दाखवा. बुरशी दिसली तर पाण्याने धुण्याचा मोह टाळा. बुरशीने पोखरलेले जिलेटिन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, पाण्यात विरघळते आणि चित्र हातावर येते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्या कागदातले आम्ल फिल्मला खाते. पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत. आम्लरहित कागदाची पाकिटे मिळतात, ती महाग वाटली तर निदान सर्वांत जुन्या पेटीपुरती घ्या. पत्र्याखालचा पोटमाळा ही सगळ्यात वाईट जागा. घरातल्या आतल्या खोलीतले लाकडी कपाट बरे, आणि पावसाळ्यात त्यात सिलिका जेलच्या पुड्या. निगेटिव्ह कडेला धरून उचला. मोबाइलचा पडदा पूर्ण पांढरा करून त्यावर, मध्ये थोडे अंतर राखून, निगेटिव्ह धरली आणि दुसऱ्या मोबाइलने फोटो घेतला, तर निदान आत काय आहे याची नोंद होते. चांगले स्कॅन नंतर होईल.

आणि पाकिटांवरचे लिखाण फेकू नका. तारीख, बिल नंबर, गिऱ्हाइकाचे नाव, ‘अर्जंट’, ‘दोन प्रती मॅट’ असे जे काही पेन्सिलीने खरडलेले असेल, ते निगेटिव्हइतकेच मोलाचे आहे. बिलबुके आणि ऑर्डरच्या वह्या तर नक्कीच ठेवा.

हक्कांविषयी तुमच्या मनात भीती असते, म्हणून थोडक्यात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात छायाचित्राचे स्वामित्व काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहते. पण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोवर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे पेटी तुमची असली तरी त्यातल्या प्रत्येक फोटोचा हक्क तुमचा असेलच असे नाही. जपण्यात यामुळे काही अडत नाही. छापताना किंवा विकताना मात्र जाणकार वकिलाला विचारा, आणि संग्रह कुणाला सोपवलात तर निगेटिव्ह दिल्या की हक्कही दिले, हे कागदावर स्पष्ट लिहून घ्या. मॉडेल होऊ न शकलेल्या, लग्न करून गेलेल्या मुलींचे पोर्टफोलिओ उघड्यावर मांडणे बरोबर होणार नाही. ते जपावेत, पण त्या बायकांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय दाखवू नयेत.

हे सगळे ओझे एकट्या वारसांनी वाहावे, असे मला अजिबात म्हणायचे नाही. राज्याचे सांस्कृतिक कार्य खाते, विद्यापीठे, कलाशाळा आणि संग्रहालये यांनाही हे पत्र वाचायला मिळावे. त्यांच्याकडून अपेक्षा साधी आहे. प्रत्येक विभागात एखादी कोरडी, थंड खोली, आणि पेटी घेऊन येणाऱ्या माणसाला ‘यात कुणी प्रसिद्ध आहे का’ असे न विचारणारा एक कर्मचारी. पुढाऱ्यांच्या सभांचे फोटो आणि साडीच्या जाहिरातीचे फोटो तिथे एकाच काळजीने घेतले जावेत.

शेवटी एक काम असे आहे की ते फक्त तुम्हीच करू शकता आणि त्याला खर्च नाही. त्या फोटोंतल्या बायका कोण होत्या, हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. बासमन यांच्या फोटोंतल्या मॉडेलची नावे बहुतेक वेळा फोटोच्या शीर्षकातच आहेत, म्हणून बार्बरा मलन आज नावाने ओळखली जाते. आपल्याकडे दुकानदाराची पुतणी, शेजारची कॉलेजातली मुलगी, नाटकात काम करणारी एखादी, अशा बायका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना कुणी मॉडेल म्हटले नाही. तुमच्या आईला, काकूला, स्टुडिओतल्या जुन्या मदतनिसाला अजून त्यांची नावे माहीत असतील. या आठवड्यात दहा फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसा. मागे नाव लिहायचे ते प्रिंटच्या कडेला, मऊ पेन्सिलीने, न दाबता. बॉलपेनची शाई आणि टोक दोन्ही पुढे उमटतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जुन्या निगेटिव्हवर काम करणारी एक छायाचित्रप्रेमी